शिमटी तेवढी लक्षात राहिली

शाळेच्या जुन्या बॅचचा स्नेहमेळावा असो नाहीतर एखाद्या गुरुजींचा सेवापूर्ती समारंभ, खानदेशात एक भाषण हमखास ऐकायला मिळतं. जळगावच्या मंगल कार्यालयात ऐका, धुळ्यात ऐका, चोपडा-शिरपूरला ऐका. वक्ता बदलतो, भाषण तेच. कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी डॉक्टर, कुणी पंचायत समितीचा माजी सभापती. माईक हातात घेतो, खुर्चीत बसलेल्या थकलेल्या सरांकडे पाहतो आणि म्हणतो, "सरांनी हाणलं म्हणून आज मी इथं उभा आहे." टाळ्या पडतात. मग निरगुडीच्या फोकेचं वर्णन, अंगठे धरल्याचं वर्णन, बोटांच्या पेरांवर बसलेल्या रुळाचं वर्णन. मार जितका मोठा तितका हशा मोठा. शेवटी गाडी नव्या पिढीवर घसरते: यांना कुणी हात लावत नाही, म्हणून पोरं वाया गेली. मागच्या रांगेतून कुणीतरी अहिराणीत पुरवणी जोडतं, "पोऱ्यास्ले धाक जोयजे!" आणि मंडळी जेवायला उठतात.

या भाषणाचा मला मनापासून राग येतो. त्यातल्या गहिवराचा नाही. म्हाताऱ्या शिक्षकाच्या पाया पडण्यात काही वाईट नाही. राग येतो तो त्या "म्हणून"चा. मार आणि यश यांच्यामध्ये तो असा काही बसवला जातो, की जणू भूमितीतलं प्रमेयच सिद्ध झालं.

विरोधकांचं म्हणणं आधी त्यांच्याच जोरात मांडतो, म्हणजे मी सोपा प्रतिपक्ष उभा केला असं कुणी म्हणायला नको. ते म्हणतात: मार ही हिंसा नव्हेच. हिंसा परका करतो, द्वेषानं करतो. आईबाप आणि गुरू मारतात ते मायेपोटी. मारानं मूल कणखर होतं, न मारलेलं नेभळट निघतं. कायद्यानं मास्तरांचे हात बांधले आणि शाळांची रया गेली. आणि सगळ्यात शेवटी, हुकमाचं पान टाकावं तसं: अहो, साक्षात श्यामच्या आईनंही श्यामला शिमटीनं फोडून काढलं होतं! साने गुरुजींपेक्षा तुम्ही मोठे का?

आधी त्या साक्षींचं बघू. मार खाऊन मोठे झालेले लोक व्यासपीठावर येऊन मार चांगला होता असं सांगतात, हा यांचा मुख्य पुरावा. पण साक्षीदार कोण, हे मंगल कार्यालयाच्या दारातच ठरलेलं असतं. चौथीत मास्तरांच्या धाकानं जो शाळेतून पळाला तो परतच आला नाही. तो आज सावद्या-रावेरकडे केळीचे घड ट्रकमध्ये भरत असेल, कुठं जिनिंगवर असेल, सुरतेला गेला असेल. बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये त्याचा नंबर नाही. त्याची साक्ष कुणी काढली? सातपुड्याच्या पायथ्याला घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या पोराला मराठीतला प्रश्नच कळला नाही, म्हणून त्याच्या हातावर ज्या छड्या बसल्या, त्यांनी नेमकं काय घडवलं? वाचले तेवढ्यांना विचारून उपचाराचा गुण ठरवायचा आणि दगावले त्यांची गणतीच करायची नाही, असं वैद्यकात कुणी केलं तर त्याचा दवाखाना बंद होईल. इथं त्याला शाल-श्रीफळ मिळतं.

आणि मार काय सगळ्यांना सारखा पडत होता? गावच्या पाटलाचा मुलगा आणि गावकुसाबाहेरचा मुलगा एकाच बाकावर पाढा चुकले, तर दोघांच्या पाठीवर सारख्याच खुणा उमटत होत्या? मराठीत दलित आत्मकथनांची एवढी मोठी रांग उभी आहे. त्यांतले शाळेचे भाग हसत हसत कुणाला वाचून दाखवता येतात का, ते मेळाव्यातल्या वक्त्यांनी एकदा करून पाहावं. फोकेला जात कळत नाही, हे खरं आहे. ती धरणाऱ्या हाताला कळते.

आता मायेपोटी मारण्याबद्दल. मार खाल्लेलं मूल मारातून माया शिकत नाही. ते एक साधा, व्यवहारी नियम शिकतं: ज्याच्याकडे जोर आहे त्यानं मारायचं, ज्याच्याकडे नाही त्यानं गप्प राहायचं, आणि आपल्याकडे जोर येईपर्यंत वाट पाहायची. तो मुलगा पुढे वर्गाचा मॉनिटर होतो आणि धाकट्यांना बदडतो. वसतिगृहात सीनिअर होतो आणि नव्या मुलांना रात्री उठवून उभं करतो. महाराष्ट्राला १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला. रॅगिंग करणाऱ्या पोरांचा बचाव काय असतो ते कधी ऐकलंय? "आम्हीही सोसलं, आमचं काही बिघडलं का?" मेळाव्यातल्या माजी सभापतींचं वाक्य आणि हे वाक्य यांत मला तरी काडीचा फरक दिसत नाही. तोच मुलगा पुढे नवरा होतो, बाप होतो. जोर येण्याची वाट पाहणं तेव्हा संपलेलं असतं.

मुलाच्या वाढीची कहाणी सांगणाऱ्या कादंबऱ्यांनी हे कधीच ओळखलंय. चार्ल्स डिकन्सनं १८४९-५० मध्ये क्रमशः लिहिलेल्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये सावत्र बाप पाठांतर चुकलं म्हणून लहान डेव्हिडला छडीनं मारतो आणि मुलगा मारणाऱ्या हाताला चावतो. मग काय होतं? बापाची चौकशी होत नाही. मुलाची रवानगी दूरच्या शाळेत होते आणि तिथं त्याच्या पाठीवर पाटी लटकवतात, की हा चावतो, याच्यापासून जपून राहा. त्या शाळेचा मालक पोरांना झोडपण्यात सुख मानणारा माणूस आहे, हा पुढचा भाग. आपलं सगळं चर्चाविश्व ती पाटी वाचण्यात गेलं आहे. आजची पोरं उद्धट आहेत, आजची पोरं हात उगारतात, आजची पोरं चाकू बाळगतात. पाटी सगळ्यांनी वाचली. शर्ट वर करून पाठ किती जणांनी पाहिली?

रॉबर्ट म्यूझिलची १९०६ची त्योर्लेस या मुलाची कादंबरी तर लष्करी शिस्तीच्या निवासी शाळेतच घडते. तिथं एका चोरी केलेल्या मुलाला इतर मुलं शिक्षेच्या नावाखाली हळूहळू पिळतात, आणि शिस्तीचं नाव घेऊन क्रौर्य किती आरामात नांदतं हे दिसतं. पण युरोपात फार भटकायला नको. आपल्या घरचाच दाखला आहे.

यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली आली. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, बापाचा पैसा उधळतो, वसतिगृहातल्या उचापतींत रमतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परततो. खानदेशातला वाचक पुण्याच्या भागावर खूश असतो आणि बापाच्या भागापाशी आला की अचानक बापाच्या बाजूला जाऊन बसतो. मी हे अनेकांच्या तोंडून ऐकलंय: बघा, बाप सांगत होता तेच खरं झालं ना! पोराला आणखी धाकात ठेवलं असतं तर वर्ष वाया गेलं नसतं.

हे वाचन आहे की बापाची वकिली? या कादंबरीत धाक कमी पडला असं कुठं दिसतं? पांडुरंगचा बाप घरात आणि गावात वजन असलेला, पैशाचा हिशोब ठेवणारा, आपल्या शब्दाबाहेर काही जाऊ न देणारा माणूस आहे. मुलाचं अख्खं बालपण त्या धाकाच्या सावलीत गेलंय. घरातल्या उंदरांच्या मागे लागून पांडुरंग त्यांचा जो संहार करतो, तो भाग वाचताना कुणाला गंमत वाटते, कुणाला किळस. मला तिथं त्या घराची उतरंड दिसते. वरून येणारा दाब ज्याला वर परत पाठवता येत नाही, त्याचं त्या घरात दुसरं काय होणार? तो खालीच जाणार, आणि पोराच्याही खाली घरात उंदीरच उरतात. नेमाडे तिथं समजावून सांगायला थांबत नाहीत. म्हणूनच आपण तो भाग विनोदी म्हणून पचवला.

पण 'कोसला'ची खरी ताकद याच्याही पुढे आहे. पांडुरंग मोठा होऊन गुंड होत नाही, बायकोला मारणारा नवरा होत नाही. त्याच्यात हिंसा आत वळते. सगळ्याची टर उडवायची, त्यात स्वतःचीही. कशाचंच काही वाटू द्यायचं नाही. आणि धाकटी बहीण जाते तेव्हा ही सगळी चिलखतं फाटतात आणि तो दुःखानं सैरभैर होतो. मायेचा एवढा साठा या मुलात होता. तो त्या घरात कुणासमोर उघडायची सोय नव्हती. धाकानं कणखर झालेलं मूल हे आहे का? मला तर हे जगण्यापासून अंग चोरायला शिकलेलं मूल दिसतं. अशी मुलं आपल्या आसपास ढिगानं आहेत. त्यांनी कुणाचा खून केला नाही, एवढ्यावर आपण त्यांना घडलेली समजतो.

"कायद्यानं मास्तरांचे हात बांधले" ही तक्रार थोडक्यात आटोपतो, कारण ती तेवढ्याच लायकीची आहे. शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्याच्या १७व्या कलमानं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली. त्याआधी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं. म्हणजे छडी जेव्हा मोकळी होती तेव्हा ती भरपूर चालली होती. मारानं देश घडायचा असता तर तो त्या ६५ टक्क्यांनी घडवायला हवा होता. शिक्षकांवर जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत नाही नाही ती कामं लादली जातात, वर्ग कोंबलेले असतात, हे मला मान्य आहे. पण त्याचा राग मंत्रालयावर काढा. तिसरीतल्या मुलाच्या तळहातावर का?

आता हुकमाचं पान.

'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३च्या पाच दिवसांत लिहिली गेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. गोष्टी कोकणातल्या पालगडच्या, पण त्या सांगणारा माणूस घडला आणि उभा राहिला तो अमळनेरला. त्या अख्ख्या पुस्तकातून आपल्या लोकांना लक्षात काय राहिलं? तर पोहायला जायला घाबरून लपलेल्या श्यामला आईनं शिमटीनं मारलं, तो प्रसंग. बेचाळीस रात्रींच्या गोष्टींत पायांना घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाला मनही तसंच जपायला सांगणारी आई आहे. पाखरांवर, गाईवर, लाकडं वाहणाऱ्या म्हारणीवर माया करायला सांगणारी आई आहे. कर्जात पिचून, अपमान गिळून मेलेली आई आहे. हे सगळं गाळून शिमटी तेवढी वेचून काढायला वेगळीच नजर लागते.

बरं, त्या प्रसंगाचा तरी उत्तरार्ध सांगा. त्याच दिवशी तीच आई त्याला जवळ घेते, समजावते, आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये म्हणून जीव कसा तुटतो ते सांगते. मुलाला मारलं याचं ओझं तिच्याच मनावर आहे. रुळानं पेरं फोडणाऱ्या किती मास्तरांनी संध्याकाळी पोराच्या घरी जाऊन त्याला जवळ घेतलं? मेळाव्यातल्या भाषणांत मी तरी अशी संध्याकाळ एकदाही ऐकली नाही. आणि मला विचाराल तर ती शिमटीही नको होती. पोहायला शिकवतो तो पाण्यात उतरून पोटाखाली हात धरणारा माणूस. शिमटीनं श्याम विहिरीच्या काठापर्यंत आला असेल. पाण्यात तिचा काही उपयोग नव्हता. आपल्या आईबद्दलची अपार भक्ती साने गुरुजींना हे म्हणू देत नाही. आपल्याला म्हणायला काय हरकत आहे?

तरी गुरुजींनी आपलं उत्तर दिलंच आहे. ते पुस्तकात शोधण्यापेक्षा अमळनेरात शोधावं. १९२४ ते १९३० ते तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालय त्यांच्याकडे होतं. खेड्यापाड्यांतून आलेली आडदांड पोरं, खोल्यांत कचरा, अंथरुणं अस्ताव्यस्त. धाकवाद्यांच्या मते इथं छडीला पर्याय नव्हता. आईच्या शिमटीनं आपण घडलो असं या मास्तराला खरंच वाटत असतं, तर त्यानं इथं ती उचलायला हवी होती. त्यानं झाडू उचलला. पोरांच्या खोल्या तो स्वतः झाडायला लागला, अंथरुणं आवरायला लागला, कपडे धुवायला लागला, आणि पोरं शरमून कामाला लागली. मार खाल्लेला मुलगा पुढे मारतोच, ही साखळी तोडायला काय लागतं, याचा इतका ठळक दाखला या जिल्ह्यात घडलाय आणि या जिल्ह्यातले लोक त्याच माणसाचं नाव घेऊन छडीची तरफदारी करतात! त्यात आणखी भर म्हणजे, अत्र्यांनी १९५३ साली याच पुस्तकावर केलेल्या चित्रपटानं छडीची थोरवी गाणारं गाणं घराघरात पोचवलं. पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. पदकाबद्दल तक्रार नाही. पण पुस्तकाचं जे झालं ते गाण्याचंही झालं: लोकांनी ठेका उचलला आणि तो त्यांना सोयीचा वाटला.

इथं हळूच एक कुजबुज सुरू होते. गुरुजी रडके होते हो, हळवे होते, त्यांचं काय सांगता. न मारलेली पोरं नेभळट निघतात, या दाव्याचीच ही धाकटी बहीण. तेव्हा हे नेभळटपण जरा मोजून पाहू. १९३० साली नोकरी सोडून हा माणूस मिठाच्या सत्याग्रहात उतरला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली ती यानंच उतरवून घेतली, म्हणून आज 'गीता प्रवचने' आपल्या हातात आहेत. काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन १९३६ साली फैजपूरला झालं, त्यासाठी हा गावोगाव फिरला. १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठलाचं दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावं म्हणून यानं प्राणांतिक उपोषण मांडलं आणि दार उघडायला लावलं. पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला. एका पोराच्या कानाखाली वाजवून कणखर म्हणवून घेणाऱ्यांनी यातलं एक तरी काम आपल्या नावावर दाखवावं.

आणि मार म्हणजे हिंसा नव्हे, हा जो पहिला मुद्दा होता, त्याकडे आता नीट बघू. जून २०१८. जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यातलं वाकडी गाव. दलित कुटुंबांतली दोन अल्पवयीन मुलं दुसऱ्याच्या विहिरीत पोहली. त्यांना उघडं करून पट्ट्यानं, काठीनं मारलं आणि त्याचं चित्रीकरण करून ते पसरवलं. श्यामला विहिरीत उतरावं म्हणून मारलं, या पोरांना विहिरीत उतरले म्हणून मारलं. दोन्हींतला फरक मला दिसतो. एकीत माया आहे, दुसरीत जातीचा माज आहे. पण मारणाऱ्याची समजूत बघा: पोराला वळण लावतोय. मारून वळण लागतं हा सिद्धांत एकदा समाजानं मान्य केला, की वळण कुणी कुणाला कशाचं लावायचं याची किल्ली कुणाकडे राहते? ती ज्याच्याकडे जोर आहे त्याच्याकडेच जाते. त्यानंतर महिन्याच्या आत, १ जुलै २०१८ला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं पोटासाठी फिरत होती. राईनपाड्याचं कारण शाळेतली छडी होती, असं मी म्हणत नाही. ते अफवेचं, भीतीचं, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांचं काम होतं. पण आधी हाणायचं आणि मग विचारायचं, ही रीत त्या जमावातल्या माणसांनी त्या दिवशी नव्यानं शिकली नव्हती. शिवाय तो जमाव काय म्हणत होता? आपल्या लेकरांसाठी.

म्हणून या "म्हणून"शी मी कोणतीही तडजोड करायला तयार नाही. "थोडासा धाक हवाच" ही मधली वाटही मला नको. ती वाट वाकडीच्या विहिरीपाशी कशी जाते ते आपल्याच जिल्ह्यानं दाखवलंय. मार खाऊनही जे मोठे झाले, ते स्वतःच्या बळावर, कुठल्यातरी आजीच्या, बहिणीच्या, एखाद्या न मारणाऱ्या मास्तराच्या मायेवर मोठे झाले. सत्कार करायचाच असेल तर त्या मास्तराला शोधून आणा. त्याच्याबद्दल रंगवून सांगण्यासारखा किस्सा नसेल, हशाही पिकणार नाही. त्याच्या वर्गातली किती पोरं शाळेत टिकली एवढंच विचारा, आणि फोकवाल्या सरांच्या वर्गातली किती टिकली तेही, त्याच व्यासपीठावर, माईक चालू असताना.